कोबीच्या वाफ्यातला शेपू

‘शाळेच्या भाजीबागेतील कोबीचे पीक बागकाम शिक्षक श्री. जयवंत पेडणेकर यांनी वाफ्यांत वाढू दिलेल्या तणामुळे कीड पडून संपूर्णतः नष्ट झाले,’ असे दोषारोपपत्राच्या पहिल्या कलमात लिहिले होते. खाली मुख्याध्यापकांची सही, सहीखाली शिक्का, शिक्क्याखाली तारीख : ९ फेब्रुवारी १९६६.

वाक्य म्हणून त्यात काही खोट काढता येत नव्हती. ते बागेत नेऊन वाचून पाहण्याची तसदी तेवढी कोणी घेतली नव्हती. सिल्वासातल्या आमच्या सरकारी शाळेच्या मागे कोबीचे आठ वाफे होते; चार पूर्वेला, चार पश्चिमेला, मधून चार हात रुंदीची पाटाची वाट. माती एक, विहीर एक, रोपे एकाच दिवशी लावलेली. ‘संपूर्णतः नष्ट’ झाले होते ते पूर्वेकडचे चार. पश्चिमेकडच्या चारांत कोबीचे गड्डे दगडासारखे भरले होते आणि त्यांतले बरेचसे मुख्याध्यापकांच्या स्वयंपाकघरात शिजून संपले होते. नष्ट होण्याचा हा प्रकार कलमकर्त्याला अभिप्रेत नसावा. राहता राहिले तण. ते होते पश्चिमेकडे. म्हणजे जिथे तण होते तिथे कीड नव्हती, आणि जिथे कीड होती तिथली जमीन देवघरासारखी लख्ख होती. पश्चिमेला बसलेल्या कारणाने वाट ओलांडून पूर्वेला आपले कार्य कसे उरकले, याविषयी दोषारोपपत्र मौन पाळते.

आणि ते तण म्हणजे काय? शेपू, कोथिंबीर, ओवा, कडेने झेंडू.

खाण्याच्या चार वस्तूंना सरकारदरबारी तणाची पदवी कशी मिळाली, हेही सांगायला हवे. युद्धानंतरच्या टंचाईत प्रत्येक शाळेने भाजी पिकवावी असा आदेश आला होता, आणि ती पाहायला जानेवारीत एक वरिष्ठ अधिकारी आले. मुख्याध्यापक विश्वनाथ तळपदे त्यांच्या बाजूने चालत होते. तळपद्यांचा जन्म गिरगावातला, शिक्षण गिरगावातले, आणि शेपूशी त्यांचा परिचय केळीच्या सोपाने बांधलेल्या जुडीपुरता. जुडी सोडली नाही, बाजारात नेली नाही, जमिनीतच राहू दिली, तर शेपू छातीएवढा वाढतो आणि डोक्यावर पिवळ्या छत्र्या धरतो, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते.

“हे पिवळं काय माजलंय?” साहेबांनी विचारले.

“तण, साहेब,” तळपदे म्हणाले. “काढायला सांगितलंय.”

त्या क्षणापासून शेपूला तण होणे भाग पडले. वरिष्ठांपुढे उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. वस्तू मात्र त्या शब्दाला साजेशी करून घेता येते. महिन्याभरात दोषारोपपत्र तयार झाले.

पेडणेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. हा प्रदेश भारतात सामील झाला त्या वर्षी, एकसष्टच्या अखेरीस, ते दोन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर इथे आले आणि आता त्यांना पाचवे वर्ष चालू होते. त्यांच्या पत्नी शोभाताई वेंगुर्ल्यातच शिक्षिका होत्या. मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि वडिलांना ‘पाहुणे’ म्हणत होती. सुटीवरून परत आल्यावर ही गोष्ट त्यांनी आम्हांला विनोद म्हणून सांगितली, आम्ही हसलोही. दर वर्षी ते बदलीचा अर्ज करत आणि दर वर्षी ‘पर्यायी शिक्षक उपलब्ध नाही’ असे उत्तर येत असे. यंदा मात्र एका खात्याने त्यांच्यावर दोषारोप ठेवला, आणि त्याची गंधवार्ता नसलेल्या दुसऱ्या खात्याने बाराव्या दिवशी त्यांची वेंगुर्ल्याच्या शाळेत कृषिशिक्षक म्हणून नेमणूक केली. अटी दोन : एक मेपर्यंत रुजू व्हावे, आणि सेवापुस्तकात ठपका नसावा.

या दोन अटींच्या मध्ये माणूस कसा चिणला जातो ते पाहावे. चौकशी संपेपर्यंत कार्यमुक्ती नाही. चौकशी लांबली तर एक मे निघून जाणार. लवकर संपावी म्हणून दोष कबूल केला तर ठपका लागणार. सुटायचे तर एकच फट उरली होती : एप्रिल संपण्यापूर्वी निर्दोष ठरणे. तोवर मुख्यालय सोडायचे नाही, रविवारीसुद्धा नाही. आमचे मुख्यालय तरी केवढे! सायकलवर टांग टाकली की तासाभरात सरहद्द. याच प्रदेशातल्या दादऱ्याला जायचे म्हटले तरी मधली गुजरातची पट्टी ओलांडावी लागते. म्हणजे नकाशाच्या कृपेने स्वतःच्याच जिल्ह्यात जाणे हाही मुख्यालय सोडल्याचा गुन्हा. पेडणेकर रोज संध्याकाळी दमणगंगेपर्यंत चालत जात, पाण्याकडे पाहत आणि परत येत.

अशा चौकशीत आरोपीला एका सहकाऱ्याची मदत घेता येते. त्यांनी माझे नाव दिले. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवत होतो, आणि ज्या भाषेत कोणी खोटे बोलायला उरलेले नाही ती शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला अशी कामगिरी मिळाली म्हणजे त्याला जो आनंद होतो तो मला झाला.

“कोबीत शेपू-ओवा लावायचं हे सुचलं कुठून तुम्हांला?” नदीकाठी मी त्यांना विचारले.

“मला कुठलं सुचतंय! रूपजीनं सांगितलं.” रूपजी हा शाळेचा माळी, जवळच्या किलवणी गावचा, रोजंदारीवरचा. “पहिल्या वर्षी मी नुसती वांगी लावली होती. तो बघून म्हणाला, एकली भाजी आजारी पडं, मास्तर. तिला शेजार पायजे. त्याच्या घरामागं बघितलं तर वांग्यात ओवा, मिरचीत तुळस, आणि कोथिंबीर तर कुणी उपटायचीच नाही. फुलू द्यायची.”

“फुलून उपयोग?”

“फुलावर बारकी गांधीलमाशी येते, सर. डासाएवढी. ती अळीच्या अंगात अंडी घालते. अळी संपली. आणि वासामुळं अळीची अंडी घालणाऱ्या पाकोळीला कोबी लवकर सापडत नाही, असं रूपजी म्हणतो. मी तीन हंगाम बघतोय. खरं आहे ते.” बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग एकदम म्हणाले, “सर, एक करा. शेपू म्हणजे तण नाही, एवढंच सिद्ध करा. त्याच्यापुढं जाऊ नका.”

“का जाऊ नये? आपली बाजू त्याहून पुष्कळ भक्कम आहे.”

“भक्कम नको. पुरेशी असली म्हणजे झालं.”

खेडवळ भिडस्तपणा म्हणून मी हे वाक्य सोडून दिले. अर्धे सत्य मांडून जिंकणे माझ्या अभिमानाला मानवणारे नव्हते. मी कार्यालयात बसून बागेचे कागद उपसले, आणि तिसऱ्या दिवशी औषध-धुरळणीची वही हाती आली. तिच्यात डिसेंबरच्या तीन नोंदी होत्या : बारा, एकोणीस, सत्तावीस. ‘पूर्वेकडील चार वाफे. डी.डी.टी. भुकटी धुरळली. रूपजीमार्फत.’ प्रत्येक नोंदीखाली रूपजीचा अंगठा आणि पेडणेकरांची सही. पश्चिमेकडच्या वाफ्यांच्या नावे एकही नोंद नव्हती.

याहून सुंदर पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. ज्या वाफ्यांना सरकारी उपाय मिळाला ते मेले. ज्यांना केवळ शेपूचा शेजार मिळाला ते जगले. दोषारोप नुसता कोसळत नव्हता, उलटा होऊन त्याच्या कर्त्यावर पडत होता. मी वही घेऊन पेडणेकरांच्या खोलीवर गेलो. ते पत्र लिहीत होते.

“ही वही कशाला काढलीत?” ते म्हणाले.

“हीच तर तुमची सुटका.”

“ठेवून द्या, सर. हात जोडतो. कुणी विचारलं नाही तर आपण दाखवायची कशाला?”

“पेडणेकर, तुम्हांला वेंगुर्ल्याला जायचंय ना?”

ते पुन्हा पत्राकडे वळले. दुसऱ्याच दिवशी मी सहा पानांचे निवेदन दाखल केले. वहीतल्या तिन्ही नोंदी त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये जशाच्या तशा उतरवल्या होत्या.

सुनावणी अठरा एप्रिलला शाळेच्याच चित्रकला वर्गात झाली. चौकशी अधिकारी भास्करराव कारखानीस मुंबईहून इथल्या प्रशासनात आलेले, सज्जन, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी जबाब उतरवून घेणारा कारकून. समोर तळपदे. खिडकीखाली मी आणि पेडणेकर. बाहेर ऊन असे होते की पाटाच्या वाटेकडे पाहवत नव्हते.

मी सुरुवात एका प्रश्नाने केली. बागेत बियाण्यासाठी राखलेला शेपूचा एक वाळका दांडा, त्याच्या दाणेदार छत्रीसह, मी टेबलावर ठेवला.

“मुख्याध्यापक महाशय, हे काय आहे?”

“हेच ते,” तळपदे म्हणाले. “तण.”

“कोणत्या जातीचे?”

“तणाला जात विचारायची असते हे मला ठाऊक नव्हतं, शास्त्रीबुवा.”

कारकून हसला. मी म्हटले, “दोन दाणे चुरडून वास घ्यावा.”

तळपद्यांनी घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक अत्यंत प्रामाणिक, घरगुती भाव उमटला. सरकारी सेवेत तो बहुधा प्रथमच उमटत असावा. “अहो, हा तर शेपू!” ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण जबाब दिला आहे.

“लिहून घ्या,” भास्करराव कारकुनाला म्हणाले. “मुख्याध्यापकांच्या मते शेपू.”

“पण शेपू असला म्हणून काय झालं?” तळपदे उसळले. “मंजूर पिकांच्या यादीत शेपू नाही. कोबीच्या वाफ्यात कोबी पाहिजे. यादीबाहेरचं जे उगवतं ते तण.”

“या न्यायाने,” मी म्हटले, “यादीबाहेरचा शिक्षक शाळेत उभा राहिला तर तोही तणच. आपली कायम नेमणूक कोणत्या यादीत आहे?”

“वैयक्तिक नको,” भास्करराव म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

मग मी वही उघडली. तिन्ही नोंदी वाचल्या. पेडणेकर टेबलाच्या कडेकडे पाहत बसले होते. मी शांतपणे, एकेक पायरी करून मांडले : भुकटी अळी आणि अळीचा शत्रू असा भेद करत नाही, ती गांधीलमाशीलाही मारते, शत्रू मेल्यावर उरलेली अळी निर्धास्त वाढते, सबब पूर्वेकडचा कोबी तणाने नव्हे तर उपायाने मेला, आणि पश्चिमेकडचा शेपूने वाचवला. भास्कररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते बागेत गेले, दोन्हीकडचे वाफे पाहून आले, पाणी प्यायले.

“पेडणेकरांवरचा आरोप टिकत नाही,” ते म्हणाले. “तण नव्हतं. तेव्हा कीड त्यामुळं पडलेली नाही. माझ्यापुरता हा विषय संपला. निष्कर्ष आजच लिहितो. कार्यमुक्तीचा कागद उद्या निघू शकेल.”

मी पेडणेकरांकडे वळून पाहिले. ज्या माणसाला दहा आठवड्यांनी श्वास घ्यायची परवानगी मिळाली आहे त्याने तो अजून घेतला नव्हता.

“मात्र एक गोष्ट,” भास्करराव पुढे म्हणाले. “भुकटीनं अळी वाढली, हे मी लिहू शकत नाही. हा अहवाल वर जायचाय. सगळ्या देशात भुकटी वाटली जातेय आणि सिल्वासातल्या चार वाफ्यांवरून मी सांगू की तिनं पीक मेलं? भुकटी पडली असती तर अळी मेली असती. अळी मेली नाही. अर्थ सरळ आहे.”

“भुकटी पडलीच नाही,” तळपदे म्हणाले. इतका वेळ हरलेला माणूस आता खुर्चीत पुढे सरकला. “शास्त्रीबुवांचं निवेदन वाचूनच मी काल कोठीतला डबा उघडून पाहिला, साहेब. रिकामा! वहीत अंगठा आहे, डब्यात भुकटी नाही, वाफ्यावर अळी आहे. मग भुकटी गेली कुठं? किलवणीला गेली. गावात विकून मोकळा झाला तो.”

“माळ्याला बोलवा,” भास्करराव म्हणाले.

रूपजी आला आणि दाराशी उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला फडके. ज्याच्या अंगठ्यावर मी सहा पानांचा बचाव उभारला होता त्या माणसाशी मी गेल्या दहा आठवड्यांत एक अक्षर बोललो नव्हतो. त्याचा अंगठा माझ्याकडे होता. खुद्द त्याची गरज मला भासली नव्हती. तळपद्यांनी शेपू कधी जमिनीत पाहिला नव्हता म्हणून मी तासभर त्यांची टर उडवली होती.

“हा अंगठा तुझा?”

“माझाच, सायेब.”

“या तीन दिवशी पूर्वेच्या वाफ्यांवर भुकटी मारलीस?”

रूपजीने वहीकडे पाहिले. मग पेडणेकरांकडे. “मास्तर सांगंल तां खरां,” तो म्हणाला.

“मास्तरला नाही विचारत. तुला विचारतोय. मारलीस की नाही?”

“मास्तर सांगंल तां खरां.”

“पाहिलंत?” तळपदे म्हणाले. “सरळ उत्तर देत नाही. साहेब, हा सरकारी मालाच्या चोरीचा प्रकार आहे. आजच्या आज कामावरून काढतो आणि पोलिसांत कळवतो. तीन दिवस आत बसला की बोलेल.”

“चोरीचा पुरावा काय?” मी म्हटले.

“आपणच सादर केलेला,” तळपदे म्हणाले. “परिशिष्ट दोन. फार सुरेख उतरवून काढलंय, शास्त्रीबुवा.”

तर्काची साखळी निर्दोष होती. तिचा प्रत्येक दुवा मी स्वतः ठोकून घेतला होता, फक्त ती आता दुसऱ्याच्या पायात पडत होती. भास्कररावांनी दौतीत टाक बुडवला. पेडणेकरांच्या निर्दोषत्वाचा निष्कर्ष आणि रूपजीवरच्या कारवाईची शिफारस एकाच कागदावर मावणार होती.

पेडणेकर उभे राहिले.

मी टेबलाखालून त्यांची बाही धरली. “बसा,” मी हळूच म्हटले. “तुमचा विषय संपलाय. रूपजीचं आपण नंतर पाहू.”

“नंतर मी वेंगुर्ल्यात असेन, सर,” ते म्हणाले. बाही सोडवून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

“काही सांगायचंय?” भास्कररावांनी विचारले.

“जबाब द्यायचाय.”

“पेडणेकर, तुमच्या बाजूनं निर्णय झालाय. विचार करा. एकदा लिहून घेतलं की मला पुसता येणार नाही.”

“लिहून घ्या.”

भास्कररावांनी कारकुनाला खूण केली. तळपदे काहीतरी बोलू लागले, त्यांना हाताने थांबवले. रूपजी दारातून दोन पावले आत आला आणि म्हणाला, “मास्तर, नको.” पेडणेकरांनी त्याच्याकडे पाहिले नाही, सावकाश, कारकुनाला लिहायला वेळ देत, ते बोलत गेले. त्या जबाबाची प्रत माझ्यापाशी आहे. तिच्यावर टीका, भाष्य, खंडन यांपैकी काहीही करण्याचा अधिकार मी त्या दिवशी गमावला. ती जशी आहे तशी देतो :

‘पूर्वेकडच्या चार वाफ्यांवर एकदाही धुरळणी झाली नाही. वहीतल्या तिन्ही नोंदी मी स्वतः लिहिल्या आणि त्या खोट्या आहेत. रूपजीला वाचता येत नाही. हजेरीचा अंगठा आहे असे सांगून मी तो घेतला. भुकटी त्याने चोरली नाही. ती मी शाळेमागे खड्डा करून पुरली, जागा दाखवतो. डिसेंबरात अळी पडली तेव्हा रूपजीने डब्यांत लावलेल्या, फुललेल्या शेपूचे सहा डबे उचलून पूर्वेकडच्या वाफ्यांत नेऊन ठेवले होते. ते मी त्याला परत आणायला लावले. तो म्हणाला, मास्तर, ही भाजी मरेल. मी म्हणालो, मरू दे. शेपूने कोबी वाचतो हे मला तीन वर्षांपूर्वीच कळले होते. आठही वाफे वाचवता आले असते, बी पुरेसे होते. पण आठही वाफे चांगले आले असते तर कोणी विचारले नसते की हे कसे केले. बाजूला चार मेलेले दिसले तर विचारतील, वर कळवतील, माझे नाव होईल आणि मला बोलावून घेतील, असे मला वाटले. भुकटी मारूनही मेले असे दिसले तर अधिकच, म्हणून नोंदी केल्या. कोणी विचारले नाही, तण म्हणाले. एवढेच मी केले आहे, आणि ते समजून उमजून केले आहे. मला इथून जायचे होते.’